बातिनातली गोडी विहीर

परबसाहेबांची आणि माझी पहिली भेट पाण्यावरून झाली. ओमानची राजधानी मस्कतमधल्या रुवी भागातल्या माझ्या भाजीच्या दुकानासाठी माल ठरवायला मी बातिनात, डोंगर आणि समुद्र यांच्यामधल्या त्या सपाट शेतीपट्टीत गेलो होतो. साहेब तिथल्या एका शेताचे व्यवस्थापक. चहा विचारण्याआधी त्यांनी विहिरीचं पाणी पुढे केलं. "भाजी मग बघा. आधी हे प्या आणि सांगा, गोडं आहे ना?" गृहस्थ जरा विक्षिप्त दिसतात, असं मला वाटलं.

परतताना समुद्राकडची शेतं पाहिली आणि उलगडा झाला. खजुराची नुसती खोडं उभी, घरांना कुलपं. तिथे पाणी खारट झालं की आधी भाजी जाते, मग खजूर, मग माणसं मस्कतला नोकरी धरतात.

एका उन्हाळ्यात साहेबांच्याही विहिरीचं पाणी खाली गेलं. मालक, अर्बाब सालेम, विहीर खोल करायला निघाले. आम्ही, म्हणजे शेतावरचे कामगार आणि माल घ्यायला आलेला मी, कोकणातली मंडळी. विहीर आटली की खणायची, एवढंच आम्हाला ठाऊक. आम्ही माना डोलावल्या. साहेब मात्र आडवे आले. ओमानमधल्या पहिल्या शेतावर त्यांनी गावच्या सवयीनं तेच केलं होतं आणि खालून समुद्राचं पाणी आत शिरलं होतं. शेत गेलं, तिथलं कुटुंबही उठलं. कृषी पदवीधर असूनही ही चूक साहेब प्रत्येक नव्या माणसाला स्वतःहून सांगतात. त्यांच्याबद्दल मला सर्वांत जास्त आदर वाटतो तो यासाठी.

"अर्बाब, खुदाई नहीं. घास बंद करो, पंप कम चलाओ," ते म्हणाले. घास म्हणजे विकण्यासाठी लावलेला चारा; सर्वांत जास्त पाणी तोच पीत होता.

"घास बंद तो कमाई खलास. फिर भी पानी खारा हुआ तो?"

"तो मेरा व्हिसा कॅन्सल करो."

मस्कतच्या वादी कबीर भागातल्या साहेबांच्या घरी वहिनींनी माळ्यावरच्या बॅगा खाली काढून ठेवल्या. साहेब मात्र निवांत. अर्धी जमीन पडीक ठेवून उरलेल्या अर्ध्यात त्यांनी ठिबकवर भाजी घेतली. लोक व्हॉट्सअ‍ॅपवर सकाळी फुलं पाठवतात. साहेब आम्हाला विहिरीचे फोटो पाठवत.

पाणी गोडंच राहिलं. मस्कतला गेलेला अर्बाबांचा मुलगा परत येऊन शेतावर घर बांधून राहिला.

आता साहेब साठीचे झाले, गावी परतायचं म्हणतात. परवा मी शेतावर गेलो, तर अर्बाबांच्या मुलानंच पेला पुढे केला. "पहले ये पियो." साहेब बाजूला उभे राहून हसत होते. मी पेला एका दमात रिकामा केला.

साहेबांना निरोगी, उदंड आयुष्य लाभो. गावी त्यांच्याकडे जाईन तेव्हा चहाआधी पाणी मी मागूनच घेईन.