छत्रीएवढं अंतर

घरातल्या मुलीनं नाटकात काम करायचं म्हटलं, तर तुमच्याकडे सगळ्यांत आधी आडवं कोण येतं? आमच्या सोलापुरात महानंदाची आत्या आडवी आली. आणि माझं स्पष्ट मत आहे की, ती आली म्हणूनच इथली प्रायोगिक रंगभूमी उभी राहिली.

आमची संस्था म्हणजे गिरणीतले चार कारकून, दोन मास्तर, त्यांतलेच एक दिग्दर्शक, आणि पत्रकं वाचून पेटलेला मी. शाळेच्या वर्गात बाकं सरकवून तालमी चालत. मी संपावर नाटक लिहिलं, पण नायिका मिळेना. शेवटी महानंदाच्या घरून होकार आला, तो एका अटीवर: आत्या रोज सोबत येणार. पहिल्या संध्याकाळी काखेत छत्री आणि ओच्यात भाजलेल्या शेंगा घेऊन ही नऊवारीतली बाई मागच्या बाकावर बसली, आणि मी भडकलो. "हा पहारा म्हणजे स्त्रीजातीचा अपमान आहे!"

"व्हय, हाय की," शेंग फोडत आत्या म्हणाली. "पर मी न्हाई आले तर हीबी न्हाई येनार. मग तूच नेस लुगडं."

मी संहिता उघडली. आत्याचा कायदा एकच होता: नायक-नायिकेत एक छत्रीभर अंतर. नायक बोटभर पुढं सरकला की मागून कानडीत "साकु!" अशी आरोळी यायची. साकु म्हणजे पुरे. त्यामुळे आमचे प्रेमप्रसंग दोन फलाटांवर उभं राहून बोलल्यासारखे व्हायचे. स्पर्धेच्या परीक्षकांनी पुढं त्या अंतराला वर्गसंघर्षाचं प्रतीक म्हटलं आणि दिग्दर्शकानं मान डोलावून ते कबूलही केलं. आत्याला नाटक आणि खरं यांतला फरक मान्य नव्हता. तालीम संपली की ती सगळ्यांना शेंगा वाटायची, पण नाटकात गिरणीमालक झालेल्या बिचाऱ्या मास्तरांपुढं आली की मूठ मिटायची. "तुला न्हाई. तू पगार कापलास की."

प्रयोगाच्या दिवशीच घात झाला. कुर्डुवाडीहून मंडळी महानंदाला बघायला येणार, असं सकाळी कळलं. "नाटक रद्द," असं तिच्या वडिलांनी बजावलं. आम्ही थिएटरच्या दारात सुतकी चेहऱ्यांनी उभे. महानंदाच्या जागी उभी राहायला दुसरी कुणी नव्हतीच. पडदा उघडणार नव्हता. तेवढ्यात समोर टांगा थांबला. आधी छत्री उतरली, मग आत्या, मग महानंदा. मागच्या टांग्यातून कोऱ्या टोपीतला मुलगा, त्याचे आईबाप आणि सगळ्यांत शेवटी तोंड पाडलेले महानंदाचे वडील. "घरात मान खाली घालून बसली असती," आत्या पाहुण्यांना सांगत होती, "तितं काय दिसलं असतं तुमाला? हितं बघा, उजेडबी चांगला हाय."

पाहुणे पहिल्या रांगेत बसले. महानंदा मालकाच्या अंगावर अशी गरजली की मास्तर खरेच दोन पावलं मागं सरले. पडदा पडल्यावर मुलाची आई म्हणाली, "आमच्यात बाया नाटकात जात न्हाईत."

"आमच्यातबी जात नव्हत्या," आत्या म्हणाली. "मी गेले की."

बाईंनी पदर सावरला. मग हळूच विचारलं, "त्या मेल्यानं शेवटी पगार दिला का वो?" तिथंच लग्न ठरलं, असं आम्ही समजतो.

महानंदा आता कुर्डुवाडीत नाटक करते. तालमीला सासू बसते म्हणे. इथं आत्या मात्र राखायला कुणी नसतानाही येत राहिली. मग घराघरांतल्या आया विचारू लागल्या, "आत्या हाय न्हवं तितं? मग जा." अशा पाच-सहा मुली तिच्या छत्रीखालून रंगमंचावर गेल्या. यंदा गुडघ्यांनी दगा दिला आणि भाच्यानं तिला आपल्या गावी, दुधनीला नेलं. तेव्हापासून एकेक मुलगी येईनाशी झाली. परवा दिग्दर्शकानं माझ्या मापाचं लुगडं आणलं.

मुलीवर पहारा नसावा, हे माझं मत आजही तेच आहे आणि त्यासाठी मी भांडत राहीन. पण तो दिवस येईपर्यंत एवढं करा: घरातल्या मुलीला नाटकाची ओढ असेल, तर संध्याकाळी तिच्याबरोबर तुमची आत्या आमच्याकडे पाठवा. मागचं बाक आम्ही रोज पुसून ठेवतो.