जान शिफूंच्या वाडग्यांवरचा उजेड

रुइलानचं फोटोच्या दिव्यांचं खूळ आमच्या गल्लीत सगळ्यांना पाठ झालं होतं. पार्सलवाला कोपऱ्यावर नुसता वळला, तरी समोरच्या छाओ काकू दारातून ओरडायच्या, "आली गं तुझी नवी टोपी!" दिव्याला लावायच्या सगळ्याच वस्तूंना काकू टोपी म्हणत, मग ती छत्री असो नाहीतर कापडी डबा. रुइलान पार्सल घ्यायची, काकूंकडे न बघता आत जायची, आणि जरा वेळाने आतून तिचं चरफडणं ऐकू यायचं.

तिचे वडील जान, त्यांना सगळे शिफू, म्हणजे उस्ताद, म्हणत; चिंगदचन या चिनी मातीच्या भांड्यांच्या गावातले ते जुने तासणारे. वाळलेला कच्चा वाडगा चाकावर पालथा ठेवायचा आणि पात्याने तासून तासून पातळ करायचा, हे त्यांचं जन्माचं काम. फिकट निळसर झिलईचे त्यांचे वाडगे असे पातळ, की आत भात वाढला तर बाहेरून सावली दिसावी. पण गिऱ्हाईक आता दुकानाची पायरी चढतंय कुठे? सगळे फोनवर बघून घेणार. आणि फोनवर शिफूंचे वाडगे ओल्या साबणासारखे दिसत.

एकदा जेवताना शिफूंनी सांगून टाकलं, "होड्यांच्या शर्यतीच्या सणापर्यंत बघतो. हा माल गेला नाही तर चाक बंद. जागा छाओबाईला देऊ, तिला तिचे चहाचे मग ठेवायला हवीच आहे."

छाओ काकू साच्यातले मग घाऊक आणून त्यांवर फुलांचे छाप चिकटवायच्या. बाबांच्या चाकाच्या जागी ते मग, या कल्पनेनेच रुइलानने हातातला घास खाली ठेवला. आई गेल्यावर बाबा त्या चाकावर बसूनच सावरले होते. चाक थांबलं तर या माणसाचं काय होईल, ते तिला पुरतं ठाऊक होतं.

"सणाच्या आत सगळे विकून दाखवते," ती म्हणाली. "फोटो माझ्यावर सोडा."

रुइलान पूर्वी लग्नाचे फोटो काढणाऱ्या एका स्टुडिओत कामाला होती. तो बुडाला तेव्हा तिथले दोन जुने फ्लॅश तिच्या वाट्याला आले. दिवे झकास होते. पण फ्लॅश नुसताच उडवला की झिलईवर पांढरा ठिपका चमके आणि बाकी वाडगा अंधारात जाई. उजेड पसरवायला, मऊ करायला पुढे काहीतरी हवं. नावाजलेल्या कंपनीचं घ्यायची ऐपत नव्हती, तेव्हा स्वस्तातलं मागवायचं आणि पारखून घ्यायचं, एवढंच हातात होतं.

पारखायची तिची रीत पक्की होती. बाबांनी फार वर्षांपूर्वी केलेला, काठाचा टवका उडालेला एक वाडगा तिने त्यासाठी बाजूला काढला. जमिनीवर खडूची खूण, खुणेवर स्टूल, स्टुलावर तोच वाडगा. दिव्याचा जोर तोच, अंतर तेच, बदलायची ती फक्त टोपी. म्हणजे दोष कुणाचा ते स्वच्छ कळतं.

पहिली आली पांढरी छत्री. उजेड छान पसरला, पण छत्रीच्या काड्या हुबेहूब झिलईत उतरल्या. रुइलानच्या ते लक्षातही आलं नाही, तिने फोटो तसाच विक्रीच्या पानावर टाकला. दुसऱ्या दिवशी एका गिऱ्हाइकाने लिहिलं, "तडकलेले वाडगे विकता, लाज नाही वाटत?" तिने बिचारीने समजावलं, की अहो ते तडे नाहीत, छत्रीच्या काड्या आहेत. त्यावर त्याचं उत्तर, "मग वाडग्यात छत्री कशाला ठेवता?" तिने फोन पलंगावर भिरकावला.

मग आले दोन कापडी डबे. त्यांची कडी दिव्याला बसेना. बाबांची कानस घेऊन अर्धा दिवस घासली तेव्हा कुठे बसली. दोन्ही डबे एकाच दुकानातले, एकाच खोक्यातून आलेले, आणि एकाचं कापड पिवळट तर दुसऱ्याचं निळट! वाडगा एका बाजूने काविळीचा, दुसऱ्या बाजूने गारठलेला. कॅमेऱ्यात एक बाजू सुधारावी तर दुसरी बिघडे. तिने दुकानदाराला फोटो पाठवले. "लाडके ग्राहक," त्याने कळवलं, "आपल्या डोळ्यांना थोडी विश्रांती द्यावी." रुइलानच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याच तिरीमिरीत ती फ्लॅशमधला साधा दिवा चालू ठेवून भांडत बसली, आणि डब्याचं कापड दिव्याला टेकून करपलं. घरभर जळक्या प्लास्टिकचा वास.

"टोपीला फोडणी दिलीस काय गं?" छाओ काकूंनी रस्त्यापलीकडून विचारलं.

"तुम्ही तुमचे मग सांभाळा!" रुइलान खिडकीतून ओरडली.

मग गोल कागदी कंदिलासारखा एक गोळा आला, त्याचं प्रतिबिंब वाडग्यावर अंड्यासारखं दिसलं. उजेड परतवायची चंदेरी थाळी आली, तिने ठिपका उलट वाढवला. सण जवळ येत चालला. सणाला दारावर टांगायच्या वेखंडाच्या जुड्या विकायला आल्या, बायका पानात तांदूळ बांधायला लागल्या, आणि रुइलानचं घर टोप्यांनी भरलं. बाबांचे नवे वाडगे भट्टीतून येऊन फळीवर तसेच पडून होते. "या सगळ्या दुकानदारांना एका ओळीत उभं करून झोडपलं पाहिजे," ती म्हणायची. जीव मेटाकुटीला आला होता तिचा.

शेवटी तिने बांबूची चौकट बांधली, तिच्यावर नक्षी उतरवून घ्यायचा पातळ कागद ताणला, आणि दोन्ही दिवे त्या कागदामागे लावले. उजेड असा मऊ आला, की वाडग्यात ठिपका नाही, काडी नाही, काही नाही. तिला वाटलं, जिंकली. फोटो घेऊन ती अंगणात आली. बाबा चहा पीत होते, छाओ काकू भोपळ्याच्या बिया सोलत होत्या.

"अय्या, हे साच्यातले कुठून आणलेस?" काकू म्हणाल्या. "मला सांग गं, माझे छाप यावर मस्त बसतील."

रुइलानचा चेहरा उतरला. आमच्या गल्लीत वाडगा हातात आला की माणूस आधी तो पालथा करतो आणि बाहेरून बोट फिरवतो. पात्याच्या बारीक रेघा झिलईखाली लागतात, त्यावरून हात कुणाचा ते सांगतात. चमक घालवायच्या नादात तिने त्या रेघाच घालवल्या होत्या. बाबांचा वाडगा कारखान्याचा करून ठेवला होता.

"चांगला आहे की फोटो," जान शिफू कपात बघत म्हणाले. "हाच टाक."

"काय चांगला आहे, बाबा? तुमचा हात दिसतोय का यात कुठे?"

"नाही दिसला तर नाही दिसला. घेणाऱ्याला वाडगा हवा असतो."

"मला नाही टाकायचा हा," ती म्हणाली आणि पाय आपटत आत गेली.

कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीतून तिने थंड चहा ओढायच्या काळ्या नळ्यांचा एक गठ्ठाच मागून आणला. त्या बोटभर कापल्या, एकमेकींना चिकटवून जाळी केली आणि ती दिव्याच्या तोंडावर बसवली. त्यातून उजेड सरळ, अरुंद निघाला. दिवा तिने खाली, बाजूला घेतला, म्हणजे उजेड वाडग्याच्या अंगावरून घसटत जाईल. टवका उडालेल्या वाडग्यावर पहिलाच फ्लॅश पडला आणि रेघा उमटल्या. काठापासून बुडापर्यंत एकसारख्या, एकीमागून एक, जशा बोटाला लागायच्या तशा. रुइलान एकटीच मोठ्याने हसली. सगळ्यांत फुकटची टोपी कामी आली होती.

तिने लगेच फळीवरचा नवा वाडगा ठेवला. फ्लॅश उडवला. रेघा वाकड्या आल्या.

नळ्या हलल्या असतील, तिला वाटलं. तिने जाळी उचकटून पुन्हा चिकटवली. रेघा वाकड्याच. दुसरा वाडगा ठेवला, तिसरा ठेवला. मध्येच रेघ लचके, जाड होई, पुन्हा बारीक होई. तिने स्टुलाच्या पायाखाली पुठ्ठा सारला, पार्सलवाल्याला, टपरीवाल्याला, नळ्या बनवणाऱ्याच्या सात पिढ्यांना शिव्या घातल्या. मग तिने जुना वाडगा परत खुणेवर ठेवला.

रेघा सरळ आल्या.

दिवा तोच, अंतर तेच, जाळी तीच. बदलला होता फक्त वाडगा. रुइलान कॅमेरा मांडीवर घेऊन खालीच बसली.

जान शिफू केव्हा दारात येऊन उभे राहिले, तिला कळलं नाही. त्यांनी कॅमेऱ्याच्या पडद्यावरचे दोन्ही फोटो बघितले आणि शेजारचा बाक ओढून घेतला.

"दोन वर्षं झाली," ते म्हणाले. "सकाळी मनगट जास्त थरथरतं. झिलई जरा जाड दिली की रेघा झाकतात, निभतं."

"मग सांगायचं नाही का?" तिचा आवाज चढला. "मी इथे वेड्यासारखी छत्र्या काय, डबे काय! त्या मूर्खांशी भांडले! काकूंची बोलणी खाल्ली! एका शब्दाने सांगायचं होतंत, बाबा!"

"तू एवढी झटत होतीस. तुला कुठल्या तोंडाने सांगू, की दोष टोपीत नाही, माझ्या मनगटात आहे?"

तिला रडू फुटलं, आणि रडू आलं म्हणून आणखी राग आला. नाक पुसत ती म्हणाली, "कागदाच्या चौकटीतलेच फोटो टाकते. कुणाला कळणार नाही. चाक चालू ठेवा."

"नको." शिफूंनी मान हलवली. "हेच टाक. ज्याला हात ओळखू येईल तो घेईल. आणि खाली लिही, शेवटची भट्टी."

"नाही लिहिणार."

"लिही, बाळा."

तिने लिहिलं. पण पाठवायच्या खुणेवर तिचं बोट काही केल्या जाईना. तेव्हा जान शिफूंनी फोन आपल्या हातात घेतला, डोळे बारीक केले आणि अंगठा टेकवला. एकदा टेकवायचा तो दोनदा टेकला.

जाहिरात दोनदा गेली. एकाखाली एक, तोच वाडगा, त्याच वाकड्या रेघा, तीच ओळ. रुइलानने त्यातली एकही काढली नाही.