हैदराबादचा बोका

मांजरांच्या खोलीत शिरण्याआधी ते दारावर टकटक करायचे. खोली त्यांच्याच घरातली, दार त्यांनीच ओढून घेतलेलं, आत फक्त मांजरं. तरी बोटाच्या पेराने दोनदा वाजवायचे, क्षणभर थांबायचे आणि म्हणायचे, "येऊ का आत?" पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू आलं. ते गंभीरपणे म्हणाले, "बाळंतीण हाय न म्याडम आत. असं धडाधडा कसं जावं?"

त्यांना सगळे अण्णा म्हणत. खरं नाव मी इथे लिहिणार नाही. का, ते पुढे तुमच्या लक्षात येईल. लातूरला माझा जनावरांचा छोटा दवाखाना आहे. येतात त्या बहुतेक शेळ्या, आणि अलीकडे कुत्री. पर्शियन मांजर घेऊन येणारे पहिले अण्णाच. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, खिशाला दोन पेनं आणि हातातल्या टोपलीत पांढरं, चपट्या नाकाचं, सगळ्या जगावर नाराज असलेलं एक मांजर.

"हिचं नाव तहसीलदारीणबाई," ते म्हणाले. "तोंड बगा न, अर्ज फेटाळल्यासारखं."

कोर्टासमोर त्यांचं टायपिंगचं दुकान होतं. घरी ते आणि त्यांची धाकटी बहीण, दोघंच. तिला ते नुसतं 'बाई' म्हणत. बाईला देगलूरकडे दिलं होतं. तिथे तिचं चार महिन्यांचं लेकरू तापाने गेलं. सासरच्यांनी खापर तिच्यावर फोडलं आणि तिनेही ते खरं मानलं. अण्णा तिला घरी घेऊन आले तेव्हा तिने जेवणच सोडलं होतं. भाकरी पुढे ठेवली की नुसती बघत बसायची. दोनदा सलाईन लावावं लागलं. अण्णांचं लग्न तेव्हा ठरत आलं होतं. ते राहून गेलं, आणि मग कुणी विषय काढला नाही.

त्याच दिवसांत कोर्टातल्या एका कारकुनाची बदली झाली आणि त्याने आपली मांजर अण्णांच्या दुकानात आणून सोडली. ती गाभण होती. अण्णांनी ती घरी नेली. आठवड्याने ती बाईच्या मांडीवर व्याली. मांजरीला दूधभात भरवता भरवता बाईने एक घास स्वतःच्या तोंडात घातला. "दारात उभा राहून बघितलं मी," अण्णा सांगत. "आवाज केलो न्हाई. म्हणलं, हिचं ध्यान जाईल."

त्या घासापासून दोघांचा हा उद्योग सुरू झाला. पुढे चांगल्या जातीच्या माद्या आल्या, गच्चीवर पत्र्याची खोली झाली, कूलर लागला. बाई मांजरांचं न्हाणंमाखणं, बाळंतपणं बघायची. अण्णा पिल्लांना घरं शोधायचे.

हे दोघं लिंगायत. घरात अंडंसुद्धा चालायचं नाही, आणि मांजरांना तर मांस लागतं. अण्णांनी गच्चीच्या कोपऱ्यात वेगळी शेगडी मांडली. नाकावर गमछा बांधून ते कोंबडी उकडायचे, मग अंघोळ करून पूजेला बसायचे. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "आमच्यात चालत न्हाई म्याडम, पण त्यांच्यात चालतंय. ज्याची त्याची रीत." नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी यायचं. तेव्हा ते स्वतः एका तांब्यात अंघोळ आटपायचे, कारण तहसीलदारीणबाईला अर्धी बादली लागायची. गल्लीत लोक हसायचे. तेही हसायचे.

पिल्लू न्यायला येणाऱ्याची चौकशी ते मुलीसाठी आलेल्या स्थळासारखी करत. घरी कोण कोण असतंय? दुपारी कोण असतंय? लेकरं शेपटी ओढत्यात का? एका बिल्डरला सोफ्याला शोभेल असं राखाडी पिल्लू हवं होतं. त्याला अण्णांनी चहा पाजला आणि कापडाच्या दुकानाचा पत्ता दिला. आणि ज्याला पिल्लू मिळायचं त्याला सोबत एक टाइप केलेला कागद मिळायचा. वर आईबापांची, आजीआजोबांची नावं आणि खाली कोर्टाची भाषा: 'सदर पिल्लू स्वभावाने शांत असून त्यास कान खाजवून घेणे विशेष आवडते, हे मी सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो.'

हाच माणूस एक दिवस मला खोटं बोला म्हणाला.

झालं असं. अण्णांनी नव्या वाणासाठी हैदराबादहून एक बोका आणला. बाईला तो नको होता. "घरचे पुरे झाले की," ती म्हणाली होती. अण्णांनी तरी आणला आणि नियमाप्रमाणे पंधरा दिवस वेगळा, जिन्यावरच्या खोलीत ठेवला. बाहेरचं जनावर आलं की पंधरा दिवस कुणात मिसळायचं नाही, हा नियम बाईनेच केलेला.

आठवड्याभराने बाई भाजी आणायला गेली आणि येताना पदरात एक गटारातलं पिल्लू घेऊन आली. गावठी, डोळे चिकटलेलं. तिने ते मोरीत पुसलं, आपल्याच शालीत गुंडाळलं, कापसाने दूध पाजलं. आणि त्याच शालीने, त्याच हातांनी गच्चीवरच्या सहा पिल्लांना भरवायला गेली. सकाळी ते गटारातलं पिल्लू मेलेलं होतं. अण्णा ते बुटाच्या खोक्यात घालून माझ्याकडे आले. मी तपासलं. मांजरांचा पार्व्हो, हाताला-कपड्याला चिकटून पसरणारा रोग. लहान पिल्लांना यातून वाचवणं फार अवघड, आणि मांजरांची लस तर कित्येक महिने लातुरात मिळत नव्हती.

पाचव्या दिवशी पहिलं पिल्लू ओकलं. मग एकेक. मी रोज दोनदा जात होते. नसा इतक्या बारीक की सलाईनची सुई दोन-तीनदा टोचावी लागायची. बाई पिल्लाला धरून बसायची आणि त्याच्या कानात काहीतरी पुटपुटायची. सहाच्या सहा पिल्लं गेली. दोन माद्या गेल्या. वाचली ती म्हातारी तहसीलदारीणबाई आणि तो बोका. बोक्याला तर काही झालंच नव्हतं. त्याचीही तपासणी मी केली होती.

शेवटचं पिल्लू गेलं त्या संध्याकाळी मी गच्चीवरून खाली उतरत होते. अण्णा मागोमाग जिन्यात आले.

"म्याडम, बाई इचारील, कशानं झालं म्हणून."

"हो."

"बोक्याचं नाव घ्या."

मला आधी कळलंच नाही. "अण्णा, बोका ठणठणीत आहे."

"हाय. त्याला मी समजावतो," ते म्हणाले. "बाईला कोण समजावणार? एक लेकरू तिनं आधीच सोतावर घेतलंय."

बाईने विचारलंच. गच्चीवर, रिकाम्या टोपल्या उन्हात घालताना. माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "ताई, खरं सांगा. मी आणलेल्या पिल्लानं तर न्हाई न?"

मी म्हणाले, "नाही. हैदराबादहून आलं."

तिने डोळे मिटले. कितीतरी दिवस कोंडलेला श्वास सोडावा तसा तिचा श्वास सुटला. मग डोळे उघडून तिने अण्णांकडे पाहिलं. "मी म्हणलं होतं न, नको म्हणून?"

"चुकलंच माझं," अण्णा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते बोक्याला परत पोचवायला निघाले. वाटेत दवाखान्यात थांबले. टोपलीच्या जाळीतून बोट घालून त्याचा गळा खाजवत होते. "तुझ्यावर विनाकारण आलं बाबा," त्याला म्हणाले. "मनावर घेऊ नको."

त्यानंतर दोन वर्षं बाई अण्णांशी धड बोलली नाही. ताट वाढायची, कपडे धुवायची, पण बोलणं कामापुरतं, आणि 'अण्णा' अशी हाक तर नाहीच. पुन्हा मांजरं आणायची नाहीत, हेही तिनेच ठरवलं. अण्णांचे केस त्या दोन वर्षांत पार पांढरे झाले. एकदा मी त्यांच्या दुकानात गेले असताना राहवलं नाही. म्हटलं, "आता सांगून टाका तिला. मी येते सोबत. किती दिवस ऐकून घेणार?"

त्यांनी टायपिंग थांबवलं. "म्याडम, ती माझ्यावर चिडलेली हाय तवर जेवूलाली. आदळआपट करती, पण दोन भाकरी खाती. सोतावर चिडली की संपलं. मी बघितलंय ते." मग हसले. "आणि लई दिवस कोण चिडत न्हाई. सख्खा भाऊ हाय मी. बोलंल की."

उगादीनंतरच्या, म्हणजे पाडव्यानंतरच्या आठवड्यात, दुपारी, अण्णा दुकानातच गेले. समोर बसलेल्या पक्षकाराला वाटलं, डुलकी लागली. अर्धवट टाइप झालेला कागद यंत्रात तसाच होता. मातीला गल्ली लोटली होती. त्यांच्याकडून पिल्लं नेलेले लोक उदगीरहून, नांदेडहून आले होते.

तीन आठवड्यांनी मी बाईकडे गेले. ती गच्चीवर होती, पत्र्याच्या खोलीच्या उंबऱ्यात. मी शेजारी बसले.

"अण्णाला मी कवाच माफ केलतं, ताई," ती म्हणाली. "त्याची तरी काय चूक? त्याला काय ठाव बोका आजारी हाय म्हणून? पण तोंडातून शब्द निघंना. म्हणलं, उगादीला बोलावं. उगादी झाली. म्हणलं, आंबे आल्यावर आमरस करावा अन् मग बोलावं. तसाच गेला बगा. बहिणीनं माफ केलं न्हाई म्हणूनच गेला."

माझ्या ओठांवर सगळं आलं होतं. माफ करण्यासारखं त्यांनी काही केलंच नव्हतं, हे एका वाक्यात सांगता आलं असतं. त्या वाक्याने तिला भाऊ परत मिळाला असता, आणि त्याच वाक्याने सहा पिल्लं, दोन माद्या आणि तो भाऊसुद्धा तिच्या पदरात पडले असते. दोन वर्षं त्यांनी जे अडवून धरलं होतं, ते मी कसं सोडणार होते?

म्हणून मी दुसऱ्यांदा खोटं बोलले. या वेळी मला कुणी सांगितलं नव्हतं.

"त्यांना कळलं होतं, बाई. जायच्या आधी दवाखान्यात आले होते. म्हणाले, बाईचा राग गेला, आता पहिल्यासारखी बोलती."

तिने झटकन माझ्याकडे पाहिलं. "कवा म्हणला?"

मला एक वार पाहिजे होता. मी म्हटलं, "सोमवारी."

"सोमवारी," ती म्हणाली. कपाळाला आठ्या घालून ती तो सोमवार शोधू लागली. ओठ हलत होते. मी समोरच्या टाकीकडे बघत राहिले. तिच्याकडे बघवत नव्हतं.

"हाव," थोड्या वेळाने ती म्हणाली. "सोमवारी मी जिन्यातून हाक मारली होती त्याला. चष्मा इसरला म्हणून. 'अण्णा' म्हणून मारली होती." आणि तोंडाला पदर लावून ती रडायला लागली.