चिमणीत तेल नव्हतं

माझा मामा पूर्णा स्टेशनात गाडीचे डबे झाडायचा. प्रवाशांनी सीटखाली टाकून दिलेली हिंदी चित्रकथांची पुस्तकं तो आम्हा भावंडांसाठी घेऊन यायचा. एकाच नायकाची, वर्षानुवर्षं चाललेली मालिका. पण आमच्या हाती ती उलटसुलट पडायची. कधी शेवट आधी, कधी नुसताच मधला भाग. मी ते भाग क्रमाने लावून धाकट्या भावाला वाचून दाखवायची.

जुन्या भागांत नायकाचं गाव एक सरदार जाळतो. सगळी मालिका त्यावरच उभी होती. मग वाचक कंटाळले असतील किंवा लिहिणारा बदलला असेल, कोण जाणे. एका नव्या भागात एकदम कळलं, की गावावर वीज पडली होती आणि सरदार बिचारा आग विझवायला धावला होता. पुढे तर तो नायकाचा जिवाभावाचा मित्र झाला. माझं डोकंच फिरलं. मी जुना भाग हुडकून काढला आणि सरदाराच्या हातातली मशाल भावाच्या नाकासमोर धरली.

"पण नवं कोणतं हाय, अक्का?" त्याने शांतपणे विचारलं. त्याच्यापुरता वाद तिथेच मिटला.

मला एवढा राग का आला, हे त्याला कळणं शक्य नव्हतं. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला त्या पावसाळ्यात आमची वस्ती जाळली, तेव्हा तो जन्मलाही नव्हता. माय मला बखोटीला धरून ज्वारीच्या रानात पळाली. दुसऱ्या दिवशी तिने फौजदाराला नावं सांगितली, बापांच्या नावांसकट. पुढे काहीच झालं नाही. ज्यांची नावं घेतली त्यांच्याच रानात ती निंदायला जाऊ लागली, कारण दुसरं कुणाचं रान नव्हतंच. हळूहळू गावात बोललं जाऊ लागलं, की कुणाच्या तरी घरात रॉकेलची चिमणी कलंडली, वारं सुटलेलं होतं, आणि गावानेच तर आग विझवली. हे ऐकताना माय खुरप्यावरची नजर वर करत नसे. मला वाटायचं, निदान आमच्या घरात तरी खरं ते खरं राहील. माझी तेवढीच आशा होती.

नामविस्तार झाला त्या संक्रांतीला मामा पेढे घेऊन आला. भावाला आता मिसरूड फुटलं होतं, आणि मायने ज्यांची नावं घेतली होती त्यांचीच पोरं त्याचे दोस्त होते. पेढे वाटता वाटता त्याने सहज विचारलं, की आपलं जुनं घर नेमकं कशानं जळालं.

मी सांगणार, तेवढ्यात माय म्हणाली, "चिमणी कलंडली व्हती, बाळा."

"माय, त्या दिवशी चिमणीत तेल तरी व्हतं का?" मी म्हणाले. "रॉकेल आलंच नव्हतं. आपण चुलीच्या उजेडात जेवलो."

मायने पेढ्यांचा पुडा भावापुढे सरकवला. तिचं मला कळत होतं. पोराला याच गावात राहायचं होतं, याच लोकांत. तरी मला तिचा राग आला, आणि लगेच तिची कीवही आली.

भावाने पेढा तोंडात टाकला आणि जरा विचार केला.

"मंग चुलीतलाच इंगळ उडाला असंल," तो म्हणाला.

"हां," माय म्हणाली, "तसंच झालं व्हतं."