भाकरी विकायला शिकताना

"ताई, आक्का गेल्या की..." कमल फोनवर एवढंच बोलली. खरं सांगू? आधी मला आक्कांचा रागच आला. आता मी भांडायचं कुणाशी?

लक्ष्मीआक्कांची नि माझी ओळखच भांडणातली. मी एका संस्थेत कामाला होते. सोलापुरातल्या एका वस्तीत, यंत्रमागावरचं काम सुटलेल्या बायकांसाठी आमच्या अनुदानातून कडक भाकरीची शेड उभी राहिली. आक्का सगळ्यांत थोरल्या. पण महिना झाला तरी विक्रीचं नाव नाही. जाऊन बघते तर काय, दारात येईल त्याला आक्का भाकरी नि शेंगाचटणी वाढतायत! पोस्टमन, भंगारवाला, कुणीही. "आक्का, हा धंदा आहे, अन्नछत्र नव्हे," मी कडाडले. त्या शांत. "दारात आलेल्याकडनं भाकरीचं पैसं घिऊ व्हय? सांगोल्याकडची हाय मी. दुष्काळात बी आईनं कुणाला उपाशी धाडलं न्हाय."

माझं डोकंच फिरलं. विक्री दिसल्याशिवाय अनुदानाचा पुढचा हप्ता मिळणार नव्हता, आणि तो नाही तर शेडला कुलूप. मी सरळ शेडमध्येच भाकऱ्या थापत बसलेल्या कमलकडं बोट केलं. नवऱ्यानं टाकलेली, पदरात दोन पोरी. "तुमचं पुण्य हिच्या पोरींच्या ताटातनं जातंय, आक्का." त्याच आठवड्यात भाकरीची पाकिटं दुकानांत गेली. पैशाला मात्र आक्कांनी कधी हात लावला नाही. गिऱ्हाईक आलं की कमलला हाक मारायच्या आणि स्वतः तव्याकडं तोंड फिरवायच्या. "लई वंगाळ शिकवलंसा बगा," असं मला वर ऐकवायच्या. शेड टिकली. एमआयडीसीतल्या कामगारांच्या डब्यात आमची भाकरी पोचली. कमलच्या पोरी कॉलेजात गेल्या.

आक्कांच्या दहाव्याला गेले. घर पाहुण्यांनी भरलेलं. पंगतीच्या भाकरी शेडमधूनच आल्या होत्या. आक्कांच्या मुलानं कमलला बाजूला घेऊन विचारलं, "किती झाले?" एरवी गिऱ्हाइकाला एक रुपया न सोडणारी कमल त्याच्यावर उखडलीच. "दादा, आक्काच्या दारात भाकरीचं पैसं घिऊ व्हय मी?"

धंद्याची शिस्त तिला मीच शिकवलेली. मी मुकाट्यानं भाकरी मोडली, आणि डोळे पुसत पुसत खाल्ली.