माहेरच्या नावाने आफ्रिकेला

पासपोर्टच्या अर्जात एक रकाना होता, आपण कधी नाव बदलले आहे काय? त्यापुढे मी, लग्नाला बारा वर्षं झालेली, दोन लेकरांची आई, ठसठशीत अक्षरांत 'नाही' असं लिहिलं. वर स्वतःचं नाव माहेरचं, आडनावही माहेरचं. खाली पत्ता मात्र सासरचा, मुलुंडच्या चाळीतला, खोली नंबरासकट. एवढा सगळा मूर्खपणा एकाच कागदावर मावला. सरकारी कागद तसा मोठाच असतो म्हणा.

आमच्याकडे लग्नात नवरदेव ताटातल्या तांदळात अंगठीने बायकोचं नवं नाव लिहितो. मग ते नाव आणि साखर सगळ्यांना वाटतात. साखर विरघळते, नाव राहतं. माझं नवं नाव सासूबाईंनी निवडलं होतं आणि ते वाईट नव्हतं. रेशनकार्डावर तेच, औषधांच्या कंपनीत मी पॅकिंगला होते तिथल्या हजेरीवरही तेच. पण मॅट्रिकच्या सर्टिफिकेटवर जुनं होतं, आणि जन्मतारखेचा पुरावा म्हणून तेच लागणार होतं. हे झालं लोकांना सांगायचं कारण. खरं कारण असं की आफ्रिकेच्या डोंगरावर जाणारी बाई ती जुनी होती. नवी बाई शेवग्याच्या शेंगा चिरायची.

आम्ही चौघीजणी किलिमांजारोवर जाणार होतो. आमची म्होरकी टेलिफोन ऑपरेटर होती. तिची मावसबहीण नैरोबीला राहायची आणि तिथून पुढची गाडी तीच ठरवून देणार होती. मला मिळून मिळून दिवस चौदा. कंपनी दिवाळीत सहा दिवस बंद, वर गणपतीची सोडून माझी साठवलेली आठ दिवसांची रजा. पंधरावा दिवस मागितला असता तर सुपरवायझरने पॅकिंगला दुसरी बाई बसवली असती. म्होरकीने कागदावर दिवस मांडले होते, जायला दोन, यायला दोन, डोंगराला सहा, बाकीचे तिकडच्या रस्त्यांना आणि रस्त्यातल्या खोळंब्याला. "एखादीचं पोट बिघडलं तर?" मी विचारलं. "बिघडायला दिवस नाही ठेवलेला," ती म्हणाली, "परत आल्यावर बिघडव."

पैशांचं म्हणाल तर भिशी आणि मोडलेल्या पाटल्या, एवढं सांगून पुढे जाते.

दर रविवारी सकाळी पाठीवर बारा किलो रेशनचे गहू घेऊन मी चाळीमागच्या टेकडीवर चढायचे. सासूबाईंना सांगायचे, दळायला चालले. तीन तासांनी तेच गहू न दळता परत. "गिरण बंद होती," मी म्हणायचे. जून ते ऑगस्ट मुलुंडातली गिरणी दर रविवारी बंद होती, आणि सासूबाईंनी एकदाही काही विचारलं नाही. तेव्हाच माझ्या डोक्यात उजेड पडायला हवा होता. पण डोक्यात किलिमांजारो होता, उजेडाला जागा कुठली. दारामागच्या कॅलेंडरवर दुधाच्या खुणांमध्ये मी माझे चौदा दिवस पेन्सिलीने टिंबं देऊन ठेवले होते.

नवऱ्याला सहलीचं माहीत होतं, नावाचं नव्हतं. सासूबाईंना यातलं काहीच सांगितलेलं नव्हतं. "आईला तूच सांग बाबा," एवढं बोलून हे पेपरात शिरले होते. मी रोज ठरवायचे, उद्या सांगू. दिवाळीच्या तोंडावर सून घर टाकून डोंगर चढायला जाते, हे वाक्य कुठल्या बाजूने सुरू करायचं तेच मला सुचत नव्हतं.

गणपतीला नेहमीप्रमाणे खोलीला कुलूप लावून आम्ही कोकणात गावी गेलो. अनंत चतुर्दशी करून परतलो तर दाराखालून सरकवलेलं एक पाकीट आत पडलं होतं. त्यावर पावलाने पुसट झालेलं माझं जुनं नाव. आत पासपोर्ट ऑफिसचं पत्र, सदर नावाची व्यक्ती दिलेल्या पत्त्यावर राहत नसल्याचा पोलिसांचा अहवाल आहे, खुलासा करावा.

मी ते पत्र घेऊन मोरीत गेले, नळ सोडला आणि तोंडात पदर कोंबून रडले. बाहेरून सासूबाई म्हणाल्या, "गो, पाणी वाया जाता." मी नळ बंद केला आणि बिनआवाजाचं रडले.

काय झालं होतं ते मला शेजारणीकडून कळलं. नारळी पौर्णिमेच्या सुमाराला एक हवालदार कागदांचा गठ्ठा घेऊन आला होता. त्याने माझं माहेरचं नाव आणि आडनाव वाचून विचारलं, ही बाई इथे राहते का? सासूबाई दारात तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "असल्या नावाचा हय कोण नाय." शेजारीणही म्हणाली, नाही. तिच्या शेजारचीही म्हणाली, नाही. आमच्या चाळीत निम्मे पुरुष कापडगिरणीतले. संपाच्या दिवसांत पोलीस असेच कागद घेऊन नावं विचारत यायचे, तेव्हापासून पोलिसाने कुठलंही नाव घेतलं की अख्खी चाळ एका सुरात 'नाही' म्हणायची. स्वतःचं नाव विचारलं असतं तरी म्हणाली असती. आणि माझं ते नाव तर सासूबाईंनी बारा वर्षांत ऐकलं नव्हतं. बाई खोटंही बोलली नव्हती.

म्होरकीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "कोजागिरीपर्यंत पासपोर्टचा नंबर दे. त्याच्यापुढे मी तिकीट धरून नाही ठेवू शकत. आणि आता तरी सासूला सांग, यार."

सांगितलं का? नाही. चौकीवर गेले. तिथला जमादार सज्जन होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "वहिनी, साधी गोष्ट आहे. ज्या आजी नाही म्हणाल्या त्यांना घेऊन या. त्या हो म्हणाल्या, सही-अंगठा झाला, की मी नवा अहवाल पाठवतो."

आमच्या घरापासून चौकी चालत दहा मिनिटं. एक वाक्य बोलायचं होतं आणि दहा मिनिटं चालायचं होतं. त्याऐवजी मी पितृपक्ष आणि नवरात्र मिळून तीन आठवडे वणवण केली. कोर्टाबाहेरच्या वकिलाकडे गेले. तो म्हणाला, दोन्ही नावं एकाच बाईची आहेत याचा पुरावा आणा. लग्न गावच्या अंगणात झालेलं, नोंदणी कसली. पत्रिकेत फक्त जुनं नाव. मग ट्रंकेतून लग्नाचा फोटो काढला, तांदळात नाव लिहितानाचा. अख्खं नाव ह्यांच्या मनगटाखाली गेलं होतं. एक काना तेवढा दिसत होता. वकिलाने फोटो उन्हात धरला, तिरका करून पाहिला आणि म्हणाला, "बाई, ह्या कान्यावर मी तुम्हाला आफ्रिकेला कसं पाठवू?"

कंपनीतल्या साहेबांचं पत्र मागितलं. ते म्हणाले, आमच्याकडे या जुन्या नावाची कुणी कामाला नाही. खरंच नव्हती. माहेरचं कुणी हयात नव्हतं, तरी घाटकोपरला माहेरच्या चाळीत गेले, तर ती पाडून तिथे इमारत उभी राहत होती आणि मला फ्रॉकमध्ये पाहिलेलं एकही माणूस तिथे उरलं नव्हतं. त्या विटांच्या ढिगाजवळ उभी असताना मला पहिल्यांदा खरी भीती वाटली. डोंगराची नव्हे. त्या नावाची एक मुलगी होती, ती वर्गात पहिली यायची, झाडावर चढायची, आणि ती होती हे सांगणारं आता कुणी नव्हतं. रात्री झोप लागेना. जेवण जाईना. कॅलेंडरवरची माझी टिंबं दुधाच्या खुणांत मिसळून गेली होती, कुठलं टिंब कशाचं तेही नीट कळेना. देवीला मी पाच मंगळवार बोलले, मग अकरा, मग वाढवत एकवीस. देवीला काय, तिला कुठे पासपोर्ट लागतो.

दसऱ्याच्या संध्याकाळी सोनं द्यायला सासूबाईंच्या पाया पडले आणि उठताच येईना. तिथेच जमिनीवर बसून सगळं सांगून टाकलं. डोंगर, रजा, गहू, नाव, हवालदार. हे कोपऱ्यात चप्पल शोधत होते, पायात चप्पल असताना.

मी सासूबाईंच्या तोंडाकडे पाहत राहिले. सणाचं जेवण राहिलं होतं, ते त्यांनी वाढलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ठेवणीतलं नऊवारी नेसून, केसात अबोली माळून त्या दारात उभ्या. "चल." चौकीत जमादाराने जबाब लिहून घेतला आणि वाचून दाखवायला लागला. त्या म्हणाल्या, "तां ऱ्हवांदे. नाव मोठ्यान वाच." त्याने माझं जुनं नाव मोठ्याने वाचलं. त्यांनी अंगठा उठवला. सगळं मिळून अर्धा तास लागला. तीन आठवडे मी ज्याच्यासाठी फिरले ते काम, अर्धा तास.

पण अहवालाला चौकीतून वर जायचं होतं, तिथून आणखी वर, आणि कागद आपल्या चालीने चालतो. कोजागिरीला चारच दिवस होते. मी रोज कामावरून सुटले की टपालाच्या पेटीपाशी, मग चौकीत, मग फोनच्या दुकानात. कोजागिरीच्या रात्री चाळीच्या गच्चीत दूध आटत होतं, सगळी चाळ वर, आणि मी खालच्या दुकानातल्या फोनवर. म्होरकी म्हणाली, "आलाय का?" मी म्हटलं, "नाही." ती म्हणाली, "मग ठेवते गं." ती ज्या हळूपणाने म्हणाली त्याने मी जास्त मोडले. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

तिघी गेल्या. मी विमानतळावर पोचवायलाही गेले, कारण माझ्या पाठीवरची पिशवी त्यांना हवी होती. चौदा दिवसांपैकी पहिले सहा मी चकल्या केल्या, आणि त्या इतक्या कडक झाल्या की मुलांनी त्या सोऱ्यासकट लपवून ठेवल्या. उरलेली आठ दिवसांची रजा मी रद्द केली.

भाऊबिजेनंतर दोन दिवसांनी टपालवाला आला. त्याने माझं जुनं नाव घेतलं. मी आत होते. सासूबाई दारात होत्या आणि मी उठायच्या आत त्यांनी सांगितलं, "हयंच रवता ती. माजी सून." मी सही केली. त्यांनी पाकीट आधी माझ्या हातात दिलं, मग परत मागून घेतलं, आतलं निळं पुस्तक काढलं, माझ्या फोटोवर बोट फिरवलं. त्यांना वाचता येत नव्हतं. नाव कुठे लिहिलंय ते मला दाखवायला सांगितलं. मी दाखवलं. मग ते पुस्तक माझ्या मांडीवर ठेवून त्या तांदूळ निवडायला बसल्या आणि मान वर न करता म्हणाल्या,

"नाव बरा होता गो तुजा. माका आदी सांगलं असतंस तर त्या पोलिसाक सांगलं असतंय, ती हय रवता, पण तिका डोंगराक जावचा हा, कागद लवकर कर. माका न सांगता जावक बघलंस, म्हणान घरातच रवलंस."