प्रोग्रामला वाघ सापडत नाही

मंगळवारी सकाळी ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये मी चहा पीत होतो आणि माझा पीएचपीतला प्रोग्राम वाघ शोधत होता. सापडला नाही...

झालं असं की माझी मोठी बहीण, आमची बाई, जंगलाला लागून असलेल्या गावात राहते. मोहाचे दिवस आहेत, उजाडताच गावातल्या बाया टोपल्या घेऊन फुलं वेचायला निघतात. मी मंगल कार्यालयांच्या नि कोचिंग क्लासच्या वेबसाइट बनवतो... म्हणजे जंगलाचा अनुभव शून्य, सल्ला भरपूर.

यंदा बाईचं जंगलात जाणं बंद करायचंच, असं ठरवलं होतं. त्यासाठी पुरावा हवा. गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचा सगळा चॅट काढला, एका लांबलचक स्ट्रिंगमध्ये, म्हणजे मजकुराच्या एका सलग पट्टीत, ओतला आणि preg_match_all ला कामाला लावलं. या फंक्शनचं काम एवढंच, सांगितलेला तुकडा मजकुरात जितक्यांदा येईल तितक्यांदा उचलून आणायचा. म्हटलं, 'वाघ' आण.

रिकामा अ‍ॅरे आला, म्हणजे सापडलेल्यांची यादी कोरी. चंद्रपूर जिल्ह्यात वाघ नाही, हा शोध लावणारा मी पहिलाच.

बाईला फोन केला. ती पोटभर हसली, मग तिने अंगणातल्या बायांना सांगितलं, मग त्या हसल्या.

"येडा झाला का रे बाबू? जंगलात जाचं अन् त्याचं नाव घ्याचं? आमी मामा म्हनतो त्याले!"

बरं. ग्रुपवरचा प्रत्येक इशारा एकाच साच्यातला होता... 'मामा तलावाकडे', 'मामा नर्सरीकडे'. मग प्रोग्रामला सांगितलं, 'मामा'पासून 'कडे'पर्यंत जे असेल ते आण.

आता एकच तुकडा आला, पण केवढा! मी मधे .* टाकलं होतं, म्हणजे 'मधे काहीही, कितीही चालेल', आणि ते जात्याच हावरट. पहिल्या 'मामा'ला धरलं ते थेट शेवटच्या 'कडे'ला सोडलं, मधला अख्खा मोसम गिळून. पुढे एक प्रश्नचिन्ह लावलं की ते जवळच्या 'कडे'पाशी गुमान थांबतं. एका प्रश्नचिन्हाने हाव आटोक्यात येते, ही सोय आमच्याकडच्या ठेकेदारांना अजून लागू झालेली नाही.

प्रश्नचिन्ह लावणारच होतो, पण त्या गिळलेल्या मजकुरात नजर अडकली. दोन इशाऱ्यांच्या मधे एकच ओळ पुन्हा पुन्हा येत होती. 'आली घरी.' 'आली घरी.' कधी सुनंदाची, कधी शेवंताची... जंगलातून जी परतेल ती लिहिते. आणि बाईची ओळ रोज सगळ्यात शेवटी.

म्हटलं, सापडला पुरावा! पुन्हा फोन.

"बाई, तू सगळ्यांच्या मागून काऊन येतेस गं? एकटीच राहतेस का जंगलात?"

"एकटी कायले राहीन? येतो मी सोबतच. पन लिवत नाई. आधी समद्यायचं आलं का पाहतो. कोनाचं नाई आलं तं आमी थाळ्या वाजवत वापस जातो. म्या लिवलं म्हनजे साऱ्या आल्या... मंग घरची मानसं फोन ठेवून वावरात जातात."

तरी मी माझंच घोडं दामटलं. "पण तू जाऊच नको ना आता."

"मी घरी बसलो तं शेवटची लाईन कोन लिवन रे बाबू?"



तिकडून बायांचा गलका चालूच होता. मग बाईच म्हणाली, जरा हळू आवाजात, "तुले एवढी काळजी वाटून राह्यली तं माह्या नावाची लाईन पाहत जा. मामाचं आमी पाहून घेऊ."

आता प्रोग्राम 'मामा' शोधत नाही. सगळ्या 'आली घरी' गोळा करतो आणि स्क्रीनवर फक्त शेवटची दाखवतो. बायको म्हणते, त्यापेक्षा ग्रुप उघडून वाचत का नाही? तिचं बरोबर आहे, पण मग मी बहिणीसाठी काही केलं असं कसं वाटणार...

बाईची ती ओळ दिसेपर्यंत आमच्या घरी दुसरा चहा होत नाही. आज जरा उशीर झाला... बायकोने न विचारता दोनदा माझ्या स्क्रीनकडे पाहिलं.

मग ती उठली आणि तिने गॅसवर आधण ठेवलं.